निवडणूक तोंडावर आणि सुप्रीम कोर्टात खुर्ची रिकामी - अमेरिकेत २०१६ चा नियम २०२० मध्ये कुठे गेला?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. हा विषय २०२० पासून डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

१८ सप्टेंबर २०२०, शुक्रवार. आमच्या व्हर्जिनियात अर्ली व्होटिंगचा पहिला दिवस. मी फेअरफॅक्स काउंटीत राहते, तिथल्या सरकारी ऑफिसबाहेर रांग इतकी की बिल्डिंगला वळसा घालून पार्किंगमध्ये पोचलेली, कोविडमुळे सगळे सहा-सहा फुटांवर, तोंडाला मास्क, कुणी घरून फोल्डिंगची खुर्ची आणलेली, माझ्यापुढे एक आजोबा होते ते दर दहा मिनिटांनी खुर्ची उचलायचे, चार पावलं पुढे ठेवायचे आणि परत बसायचे. सिटिझन झाल्यावरचं माझं हे पहिलंच प्रेसिडेंटचं मतदान. तीन तासांनी नंबर लागला, मत दिलं, स्टिकर लावून घरी आले. आणि संध्याकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा नवऱ्याने फोन पुढे धरला, सुप्रीम कोर्टाच्या जस्टिस रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. (इथे ही नेमणूक आजीवन असते.) ८७ वर्षांच्या होत्या, कॅन्सरशी किती वर्षं झुंजत होत्या. त्यांची शेवटची इच्छा नातीने लिहून घेतली होती, नवीन प्रेसिडेंट येईपर्यंत माझी जागा भरू नका अशी. त्याच रात्री सिनेटचे, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचे, रिपब्लिकन मेजॉरिटी लीडर मिच मॅककॉनेल यांचं निवेदन आलं की ट्रंप ज्यांचं नाव देतील त्यांच्यावर सिनेटमध्ये मतदान होणार.

आता चार वर्षं मागे चला. १३ फेब्रुवारी २०१६ ला जस्टिस स्कॅलिया टेक्सासमधल्या एका रँचवर झोपेतच गेले. निवडणुकीला जवळजवळ नऊ महिने बाकी. बातमी आली त्याच दिवशी ह्याच मॅककॉनेल यांनी सांगितलं, पुढचा जज कोण हे ठरवताना लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, तेव्हा नवीन प्रेसिडेंट येईपर्यंत ही जागा भरायची नाही. ओबामांनी १६ मार्चला मेरिक गारलंड यांचं नाव दिलं, ६३ वर्षांचे, मधल्या वाटेचे म्हणून ओळखले जाणारे, डीसी सर्किटचे, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालच्या वॉशिंग्टनमधल्या अपील कोर्टाचे, चीफ जज. त्यांना नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं हो, सिनेटचा तो हक्कच आहे. पण त्यांचं हिअरिंग, म्हणजे सिनेटच्या कमिटीपुढची सुनावणीसुद्धा घेतली नाही. २९३ दिवस ते नाव तसंच पडून राहिलं आणि ३ जानेवारी २०१७ ला त्या सिनेटची मुदत संपली तसं आपोआप बाद झालं. स्कॅलियांच्या खुर्चीवर आणि समोरच्या बेंचवर काळं कापड घातल्याचा फोटो तेव्हा सगळीकडे आला होता, तो आठवला की मला अजून कसंतरी होतं. नंतर एका वर्षाहून जास्त काळ कोर्ट आठ जणांवर चाललं.

आणि २०२० मध्ये? २६ सप्टेंबरला एमी कोनी बॅरेट यांचं नाव जाहीर, १२ ऑक्टोबरला हिअरिंग सुरू, २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर. निवडणूक ३ नोव्हेंबरला. म्हणजे आठ दिवस आधी. तोपर्यंत देशात सहा कोटींच्या आसपास लोकांनी मत देऊनही टाकलं होतं, माझ्यासकट. लोकांना ठरवू द्या म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचंय, लोक ठरवत होतेच ना, पेट्या भरत होत्या, मग आठ दिवस थांबायला काय झालं होतं?

माझा मुद्दा बॅरेट बाईंच्या विरोधात नाही, त्यांची मतं मला पटत नाहीत पण बाई हुशार आहेत यात वाद नाही. माझा मुद्दा एवढाच, की जो नियम तुम्ही दुसऱ्याला लावता तो स्वतःवर वेळ आली की पाळायचा. नाहीतर त्याला नियम म्हणू नका.

तुम्हाला काय वाटतं? दोन्ही बाजूंचे प्रतिसाद येऊ देत.

---

निरांजन

+१. रांगेचं वर्णन वाचून २०२० डोळ्यासमोर आलं.

---

कंदील

सोनचाफा ताई, लेख मनापासून लिहिलाय, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे, ह्यूस्टनला राहतो आणि रिपब्लिकनांना मत देतो, तेव्हा माझं म्हणणंही ऐका.

पहिली गोष्ट, घटनेत काय आहे? प्रेसिडेंटने नाव द्यायचं आणि सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने नेमणूक करायची, बस. अमुक महिन्यांत करा, निवडणुकीआधी करू नका, असं एक अक्षर नाही. २०१६ मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे होतं आणि प्रेसिडेंट डेमोक्रॅट. २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाचे. हा फरक छोटा नाही. इतिहासात निवडणुकीच्या वर्षात जागा रिकामी झाली आणि दोन्ही एकाच पक्षाचे असले की बहुतेक वेळा जज मंजूर झालेत. १९१६ मध्ये विल्सन यांनी एकाच वर्षात दोघांना बसवलं, ब्रँडाइस आणि क्लार्क.

दुसरं, हे भांडण २०१६ ला सुरू झालेलं नाही. १९८७ मध्ये रेगननी बोर्क यांचं नाव दिलं, माणूस विद्वान, पण इतकी मोहीम चालवली की ५८ विरुद्ध ४२ ने पाडलं. धाकट्या बुशच्या काळात मिगेल एस्ट्राडा यांना डीसी सर्किटला जाऊ दिलं नाही, दोन वर्षं लटकवून ठेवलं, शेवटी त्यांनीच नाव मागे घेतलं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी अलिटो यांचं नाव होतं तेव्हा फिलिबस्टरच्या, म्हणजे चर्चा लांबवून मतदान अडवण्याच्या बाजूने मत कुणी दिलं? सिनेटर ओबामा आणि सिनेटर बायडेन. हेच बायडेन १९९२ च्या जूनमध्ये सिनेटमध्ये उभं राहून म्हणाले होते की निवडणुकीच्या हंगामात जागा रिकामी झाली तर तेव्हाचे प्रेसिडेंट थोरल्या बुशनी थांबावं. आणि खालच्या कोर्टांसाठी फिलिबस्टर तोडायला लागणारी ६० मतांची अट २०१३ ला काढली कुणी? डेमोक्रॅट हॅरी रीड यांनी. तेव्हा मॅककॉनेल यांनी बजावलं होतं की तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल. २०१७ मध्ये स्कॅलियांच्या जागी ट्रंपनी नाव दिलेल्या गोरसच यांच्यासाठी तीच अट सुप्रीम कोर्टापुरती काढली आणि ५४-४५ ने मंजूर करून घेतलं.

माझ्या मते ज्याच्या हातात सिनेट त्याच्या हातात चावी, आणि सिनेट पण लोकांनीच निवडलेलं आहे की.

---

सोनचाफा

कंदील भाऊ, छान मुद्देसूद लिहिलंत, धन्यवाद. बोर्क, एस्ट्राडा, फिलिबस्टर, हे सगळं खरं आहे आणि डेमोक्रॅटांनी केलं ते मी झाकत नाही. अलिटोंच्या फिलिबस्टरबद्दल आपल्याला खंत आहे असं ओबामांच्या वतीने व्हाइट हाउसनेच २०१६ मध्ये सांगितलं. पण बोर्क यांचं हिअरिंग झालं, सिनेटमध्ये मतदान झालं, ते हरले. आणि त्यांच्या जागी शेवटी आलेले केनेडी निवडणुकीच्या वर्षातच, फेब्रुवारी १९८८ मध्ये, ९७-० ने मंजूर झाले. सिनेट तेव्हा डेमोक्रॅटांचं आणि प्रेसिडेंट रेगन! बायडेन १९९२ ला जे बोलले ते चूकच होतं, पण तेव्हा जागाच रिकामी नव्हती, त्या बोलण्यावर कुणाची नेमणूक अडली नाही.

तुमचा पक्षांचा फरक मी मान्य केला असता. पण १३ फेब्रुवारी २०१६ च्या त्या निवेदनात लोकांना बोलू द्या एवढंच आहे. आणि रिपब्लिकन सिनेटर लिंझी ग्रॅहम यांनी तर मार्च २०१६ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक कमिटीत बसून सांगितलं होतं, की उद्या रिपब्लिकन प्रेसिडेंट आला आणि त्याच्या टर्मच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली, तर खुशाल म्हणा की ग्रॅहम म्हणाला होता, पुढच्या प्रेसिडेंटला ठरवू द्या, माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. २०२० मध्ये त्या कमिटीचे चेअरमन कोण होते? ग्रॅहमच. बॅरेट यांचं हिअरिंग त्यांनीच चालवलं. शब्दाला काही किंमत असते हो, आपल्या घरात आपण पोरांना तेच शिकवतो ना.

---

कंदील

ग्रॅहम यांच्याबद्दल तुमचं बरोबर आहे, त्यांनी तसं बोलायला नको होतं, मी पक्षाचा असलो तरी ते मलाही खटकलं. पण ताई, ट्रंपनी नाव दिलेल्या कॅव्हनॉ यांच्या २०१८ च्या हिअरिंगमध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून जे झालं त्यानंतर आमच्याकडच्या लोकांची मनं फार कडू झाली होती. आमच्या गल्लीतले शेजारी, एरवी राजकारणावर न बोलणारी माणसं, तीसुद्धा म्हणायला लागली की आता समोरचे सोडणार नाहीत तर आपण का सोडायचं. २०१६ ला तर कित्येकांनी ट्रंप आवडत नसताना फक्त त्या एका खुर्चीसाठी मत दिलं. मे २०१६ मध्ये ट्रंपनी ११ नावांची यादीच काढली होती, यातूनच जज नेमीन म्हणून. पुढे सप्टेंबरमध्ये यादी वाढवली त्यात गोरसच आले. एक्झिट पोलमध्ये पाचातला एक मतदार म्हणाला होता की सुप्रीम कोर्ट हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि त्यात ट्रंपवाले जास्त होते. म्हणजे मॅककॉनेल म्हणाले तसं लोकांनी ठरवलंच की.

---

जुना सातारकर

लिंकनचं उदाहरण कुणी दिलं नाही अजून. १८६४ मध्ये निवडणुकीला महिनासुद्धा नव्हता तेव्हा चीफ जस्टिस टॉनी वारले आणि लिंकननी लोकांचा कौल येईपर्यंत नाव दिलं नाही. कमला हॅरिस यांनी २०२० च्या डिबेटमध्ये हेच सांगितलं होतं. मोठा माणूस तो.

---

मुळामुठा

काका, ते उदाहरण अर्धंच खरं आहे. मी पुण्यात वकिली करतो, हा विषय मला आवडतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टॉनी गेले १२ ऑक्टोबर १८६४ ला. तेव्हा सिनेटचं अधिवेशनच चालू नव्हतं, ते डिसेंबरमध्ये भरणार होतं. शिवाय लिंकनच्या पक्षातच त्या पदासाठी तीन-चार जण डोळे लावून बसलेले, सगळ्यांना प्रचारात कामाला लावायचं तर नाव गुलदस्त्यात ठेवणं सोयीचं होतं. ६ डिसेंबरला सॅमन चेस यांचं नाव पाठवलं आणि सिनेटने त्याच दिवशी मंजूर केलं. त्यामुळे तो त्याग वगैरे नव्हता.

खरं जुळणारं उदाहरण १९६८ चं. चीफ जस्टिस अर्ल वॉरन यांनी जूनमध्ये निवृत्त व्हायचं ठरवलं, निक्सन आले तर आपली जागा त्यांनी भरू नये असं त्यांना वाटत होतं हे उघड होतं. जॉन्सननी आपले जुने मित्र एब फोर्टस, जे आधीपासून कोर्टात जज होतेच, त्यांचं नाव चीफसाठी दिलं. रिपब्लिकन आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट एक झाले, फिलिबस्टर झाला, १ ऑक्टोबरला तो तोडायचा ठराव ४५-४३ वर अडकला आणि फोर्टसनी माघार घेतली. पुढच्या वर्षी निक्सननी वॉरन बर्गर यांना आणलं. आणि उलट उदाहरण आयझेनहॉवर यांचं, १५ ऑक्टोबर १९५६, निवडणुकीला तीन आठवडे, सिनेट सुट्टीवर, त्यांनी विल्यम ब्रेनन यांची तात्पुरती नेमणूक केली. ब्रेनन डेमोक्रॅट, कॅथलिक, न्यू जर्सीचे. कॅथलिक मतांचा हिशोब त्यात होताच, पण दुसऱ्या पक्षाचा माणूस निवडणुकीच्या तोंडावर नेमणं आज कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? पुढे हेच ब्रेनन त्या शतकातले सगळ्यात वजनदार लिबरल जज ठरले.

आता आपल्याकडचं सांगतो, कारण मला यात खरी गोम तिथे दिसते. भारतात सुप्रीम कोर्टाचा जज ६५ ला निवृत्त, तारीख आधीच ठाऊक. त्यामुळे कुणाच्या मरणाकडे डोळे लावून बसायची वेळ येत नाही. पण म्हणून सगळं आलबेल होतं असं नाही. संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही असं सांगणारा केशवानंद भारतीचा निकाल २४ एप्रिल १९७३ ला लागला आणि लगेच शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून रे यांना सरन्यायाधीश केलं, तिघांनीही राजीनामे दिले. मग आणीबाणीत, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का या एडीएम जबलपूरच्या खटल्यात एकट्या खन्नांनी सरकारविरुद्ध निकाल लिहिला, आणि जानेवारी १९७७ मध्ये, मार्चच्या निवडणुकीच्या तोंडावर, त्यांनाही डावलून बेग यांना सरन्यायाधीश नेमलं. खन्ना पायउतार झाले.

पुढचा भाग मात्र आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. बेग फेब्रुवारी १९७८ मध्ये निवृत्त झाले. आता जनता पक्षाचं सरकार. ज्येष्ठतेने नंबर होता आपल्या यशवंतराव चंद्रचूडांचा, आणि ते त्याच जबलपूर खटल्यात बहुमताच्या बाजूने, म्हणजे आणीबाणीच्या सरकारच्या बाजूने होते. मुंबईच्या नामवंत वकिलांनी निवेदन काढलं की यांना करू नका. जनता सरकारमधले कित्येक जण स्वतः तुरुंगात राहून आले होते, त्यांना राग नसेल असं कसं म्हणणार. तरी सरकारने ज्येष्ठतेचा नियम मोडला नाही. चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि जुलै १९८५ पर्यंत राहिले, इतका काळ अजून कुणी राहिलेलं नाही. सोनचाफा ताई, तुम्ही म्हणता तो स्वतःवर लावलेला नियम हा बघा.

---

सोनचाफा

मुळामुठा, अंगावर काटा आला. मला १९७३ आणि खन्नांचं माहीत होतं, हे १९७८ चं माहीतच नव्हतं. दंडवत.

---

निरांजन

मुळामुठा यांचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा.

अवांतर: मला २०२० च्या हिअरिंगमधली दोन दृश्यं आठवतात. एक म्हणजे सिनेटर कॉर्निननी बॅरेट यांना विचारलं की तुमच्यापुढे नोट्स काय आहेत, आणि त्यांनी कोरा पॅड उचलून दाखवला, वर फक्त सिनेटचं नाव छापलेलं. दुसरं म्हणजे २२ ऑक्टोबरला कमिटीत मतदान होतं तेव्हा डेमोक्रॅट आलेच नाहीत, त्यांच्या खुर्च्यांवर मोठे फोटो ठेवलेले, ओबामाकेअर, म्हणजे ओबामांचा आरोग्यविम्याचा कायदा गेला तर ज्यांचे उपचार थांबतील अशा साध्या माणसांचे. १२-० ने नाव पुढे गेलं. मी ते लाइव्ह बघत होते. माझ्या सासऱ्यांचं डायलिसिस तेव्हा चालू होतं आणि त्यांचा इन्शुरन्स त्याच कायद्याखाली घेतलेला, त्यामुळे ते फोटो बघताना पोटात गोळा आला होता. पुढे जून २०२१ मध्ये कोर्टाने त्या कायद्याविरुद्धची केस ७-२ ने फेटाळली आणि बॅरेट फेटाळणाऱ्या सात जणांत होत्या, हेही सांगायला हवं.

---

पळसपान

गिन्सबर्ग बाईंनी वेळेत निवृत्त व्हायला हवं होतं. २०१३ च्या जुलैमध्ये ओबामांनी त्यांना जेवायला बोलावून हलकेच विषय काढून पाहिला होता. तेव्हा सिनेट डेमोक्रॅटांकडे होतं, २०१४ च्या नोव्हेंबरला गेलं. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या एका निर्णयाची किंमत लाखो बायकांनी मोजली. २४ जून २०२२ ला रो, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा जुना निकाल गेला तेव्हा निकालात बॅरेट यांचं मत होतं. त्या जागी दुसरं कुणी असतं तर रो रद्द करायला पाच मतं झालीच नसती. दुसरे लिबरल जज ब्रायर यांनी तोच धडा घेतला, जानेवारी २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि एप्रिलमध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन ५३-४७ ने मंजूर झाल्या. आता उलट बाजूला बघा, कॉन्झर्व्हेटिव्ह जज थॉमस २०२५ मध्ये ७७ चे, अलिटो ७५ चे, २०२६ च्या मिड-टर्मच्या, म्हणजे संसदेच्या मधल्या निवडणुकीच्या आधी निवृत्त होणार का याची चर्चा तेव्हा चालूच होती. जजने कॅलेंडर बघून निवृत्त व्हायचं, ही कसली रीत.

---

कंदील

पळसपान, या एका गोष्टीवर मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आजीवन नेमणूक हेच दुखणं आहे. १८ वर्षांची एकच टर्म ठेवा, नऊ जज, दर दोन वर्षांनी एक जागा, प्रत्येक प्रेसिडेंटला चार वर्षांत दोन. कोण कधी मेलं याचा संबंधच उरणार नाही. बायडेननी जुलै २०२४ मध्ये हेच मांडलं होतं, मी त्यांचा विरोधक असून सांगतो की कल्पना चांगली आहे. फक्त जजांची संख्या वाढवायचं काढू नका, १८६९ पासून नऊ आहेत, रूझवेल्टनी १९३७ ला वाढवायला काढली तर त्यांच्याच पक्षाने हाणून पाडलं.

---

श्टुटगार्टकर

टर्म ठरवली की राजकारण जाईल असं समजू नका हो. इथे जर्मनीत घटना कोर्टाच्या जजला १२ वर्षांची एकच टर्म, आणि निवडीला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे कुणा एका पक्षाला एकट्याने बसवताच येत नाही. वर्षानुवर्षं ते गुपचूप समजुतीने होत होतं, पेपरात आतल्या पानावर बातमी. आणि ११ जुलै २०२५ ला बुंडेस्टागमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत तीन जजांची निवड ऐनवेळी अजेंड्यावरून काढावी लागली, कारण एसपीडी या पक्षाच्या एका उमेदवार बाईंची गर्भपातावरची मतं सरकारमधल्याच सीडीयू या दुसऱ्या पक्षाच्या खासदारांना चालेनात. इंटरनेटवर त्यांच्याविरुद्ध रान उठवलं गेलं. ७ ऑगस्टला त्यांनी स्वतःच नाव मागे घेतलं. माझे सहकारी लंच टेबलावर म्हणत होते, आता आपलंही अमेरिकेसारखं होणार. तरी एक फरक मला दिसतो, इथे दोन्ही बाजूंना परत एकत्र बसून दुसरं नाव शोधावंच लागतं, त्याशिवाय दोन तृतीयांश होतच नाही.

---

मुळामुठा

श्टुटगार्टकर, बरोबर बोललात. अमेरिकेत ६० मतांची अट होती तेव्हा थोडंफार तेच होतं. गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६-३ ने आल्या होत्या आणि स्कॅलिया १९८६ मध्ये ९८-० ने. हे दोघं एकमेकांचे जिवलग मित्र, ऑपेराला बरोबर जायचे. ह्याच दोघांच्या खुर्च्यांवरून एवढं रामायण व्हावं.

---

आंबोळी

मी फक्त वाचत असते, पण आज लिहिते. आम्ही न्यू जर्सीत, नवरा एच-वन-बीवर, मी एच-फोरवर, ऑक्टोबरच्या शेवटी माझी ड्यू डेट आहे. जन्माने सिटिझनशिप मिळण्याविरुद्ध ट्रंपची जी ऑर्डर जानेवारी २०२५ मध्ये निघाली त्यात आमच्यासारखे तात्पुरत्या व्हिसावाले पण धरलेत. त्याबद्दलच्या सुप्रीम कोर्टाच्या २७ जून २०२५ च्या निकालानंतर रात्री झोप लागेना. ही कोर्टाची भांडणं टीव्हीवर बघायची असं वाटायचं, आता ती आमच्या घरात आलीत. कुणी नीट समजावून सांगेल का?

---

सोनचाफा

आंबोळी, बाळा, आधी शांत हो, या दिवसांत काळजी करायची नाही.

मी वकील नाही पण हे सगळं वाचते, मला समजलंय तेवढं सांगते. २७ जूनचा निकाल ६-३ चा, आणि तो लिहिलाय जस्टिस बॅरेट यांनीच. त्यात ऑर्डर घटनेला धरून आहे की नाही यावर कोर्ट काहीच बोललेलं नाही. एका जिल्हा जजने अख्ख्या देशासाठी सरकारला थांबवायचं नाही, एवढंच त्यात आहे. पण क्लास अ‍ॅक्शनचा, म्हणजे सारखी अडचण असलेल्या सगळ्यांसाठी मिळून एक केस लावायचा, रस्ता उघडा ठेवलाय, आणि १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या जजने त्याच रस्त्याने देशभरच्या बाळांचा एक क्लास धरून ऑर्डर परत अडवली. तुझं बाळ त्यात येईल असं मला वाटतं. शिवाय न्यू जर्सी राज्यानेच वेगळी केस लावलेली आहे. तरी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घे. बर्थ सर्टिफिकेट मिळालं की लगेच पासपोर्टला अर्ज कर आणि प्रत्येक कागदाच्या दोन-दोन सर्टिफाइड प्रती ठेव.

---

कंदील

आंबोळी ताई, मी ट्रंपना मत दिलंय, तरी ही ऑर्डर मला मान्य नाही. चौदाव्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय आणि १८९८ पासून कोर्टाचा निकाल आहे, इथे जन्मलेल्या चिनी आईवडिलांच्या मुलाला, वाँग किम आर्कला, सिटिझन ठरवणारा. माझी दोन्ही पोरं मी एच-वनवर असतानाच इथे जन्मली. एडिसनला माझ्या ओळखीचे एक इमिग्रेशन वकील आहेत, मराठीच आहेत, निरोपातून नंबर पाठवतो.

---

आंबोळी

कंदील दादा, नंबर मिळाला, सोमवारी सकाळची वेळ दिलीय त्यांनी. सोनचाफा ताई, कागदांची यादी करायला घेतलीय.